कुमार गंधर्व उशिरा आवडतात ते कशामुळे? कान तयार होतो की बेळगावकडच्या त्यांच्या जन्मगावाचा, सुळेभावीचा अभिमान?

टिळकवाडीकर : आमच्या घरी गाणं म्हणजे भीमसेन. कुमार लागले की वडील म्हणायचे, "हा माणूस वाक्य पुरं का करत नाही?" आम्हा भावंडांचंही तेच मत. आलापात जरा रमतोय तोवर आवाज एकदम वर उसळणार, मध्येच थांबणार, ठेका आपला चालूच. आणि आता? रात्री दुसरं काही ऐकवत नाही.
माझं म्हणणं एवढंच की कुमारांना भीमसेनांच्या किराणा घराण्याच्या कानांनी ऐकू नये. भीमसेन स्वर लांबवून राग भरत नेतात. कुमार स्वराला नेमका लागतात, सोडतात आणि पुढचं तानपुऱ्यांवर टाकतात. तानपुरे जुळवण्यात त्यांचा एवढा जीव का अडकायचा, ते यावरून कळतं. तबल्यावरचा वसंतराव आचरेकरांचा साधा, सरळ ठेका लक्ष देऊन ऐका. गायक गप्प असतो तेव्हाही लय आत चालू असते.

शहापूरचा पेटीवाला : काय सांगायलाय राव! क्षयानं फुप्फुस निकामी झालं, १९४८ पासून देवासला पडून होते, गाणं काही वर्षं बंद. त्यातून माणूस परत मैफलीत बसला, त्या हिमतीला दंडवत. पण दमसास पुरेना म्हणून तुकड्यांत गायले, त्याचं आपण शास्त्र करायचं का? मल्लिकार्जुन मन्सूर म्हातारपणीही एकातून एक तान काढत समेपर्यंत सोडत नव्हते. बढत तिला म्हणतात.

खानापूरची : पेटीवाले काका, दम नसलेल्या माणसाची द्रुतातली तान अशी असते होय? एकदा ऐका, मग बोला. आजारपणात त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत होती. तीन-चार स्वरांत सगळं सांगून मोकळी होणारी. त्या धुनांतून पुढं त्यांनी 'धुनउगम' राग काढले. १९६५ च्या 'अनूपरागविलास' या त्यांच्या पुस्तकात बंदिशींसकट छापलेत. तोकडेपणा म्हणून जे तुम्हाला खटकतं, त्यातलं बरंचसं तिथून आलंय. सगळा हिशेब फुप्फुसाच्या नावावर कशाला?

निपाणीहून : मला वेगळंच वाटतंय. २०२४ ला जन्मशताब्दी झाली आणि जो तो कुमारभक्त झाला. स्टेटसला कबीराचं निर्गुणी भजन, खाली "आपल्या बेळगावचे". अहो, सुळेभावीचा जन्म सोडला तर बेळगावचं काय? घरची भाषा कन्नड, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडं, गाणं फुललं देवासला. इथं मराठीवाले म्हणणार आमचे, कन्नडवाले म्हणणार आमचे, आणि त्यांचा विलंबितातला बडा ख्याल दोघंही पुरा ऐकणार नाहीत.

टिळकवाडीकर : भजनांचं खरं आहे, ती आवडणं सोपं. पण अभिमानाचं म्हणाल तर तो शाळेतच यायला हवा होता की. सुळेभावी तेव्हाही तिथंच होती! मला पकडलं ते विलंबितानं. मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवात, दर आवर्तनाला जरा वेगळ्या कोनातून येतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता चुकले. चुकत नाहीत.

शहापूरचा पेटीवाला : बरं, ख्याल राहू दे. बालगंधर्वांची पदं गायले त्या 'मला उमजलेले बालगंधर्व'चं काय? आमच्या शहापुरात नाट्यगीत म्हणजे नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या जागा जशाच्या तशा यायला पाहिजेत. कुमारांनी त्या मोडून टाकल्या.

खानापूरची : हुबेहूब गाणं त्यांनी पोरवयात पोटभर केलं होतं काका. बड्या गवयांच्या रेकॉर्डी उचलून गाणारा मुलगा म्हणूनच तर आधी नाव झालं. देवधरांकडं गेल्यावर विचार सुरू झाला. त्यानंतरही नकलाच करायच्या होत्या?

शहापूरचा पेटीवाला : नक्कल नको, पण ओळखू तर येऊ दे! असो. तुमची द्रुतातली तान ऐकली, चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण साथीला बसणाऱ्याचा विचार करा. आम्ही गायकाच्या मागे जाणारी माणसं. त्यानं सोडलेली जागा भरली तर अडाणी, नाही भरली तर झोपलेला. गोविंदराव पटवर्धन निभावून न्यायचे, त्यांचा हातच वेगळा.

निपाणीहून : म्हणजे पेटीवाले काकाबी गेले की त्या बाजूला!

शहापूरचा पेटीवाला : गेलो नाही. गोविंदरावांची पेटी ऐकायलोय.