गिरणगावातला मराठी माणूस हुसकावला गेला, की खोली विकून गेला?

परळकर
निवडणूक आली की 'लालबाग-परळमधून मराठी माणूस हद्दपार' हे रडगाणं सुरू होतं. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी आपण होऊन खोल्या विकल्या. बदलापूरला टू बीएचके घेतला, उरलेले पैसे एफडीत टाकले. कोणी बंदूक लावली नव्हती. 160 चौरस फुटांत तीन पिढ्या किती दिवस कोंबायच्या? वरळीच्या बीडीडी या जुन्या सरकारी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हेही हद्दपार करणंच का?

नाना_शिवडी
परळकर, गोष्ट अर्ध्यावरून सांगताय. 1982 चा संप, अडीच लाख कामगार, मग एकेक गिरणी बंद. पगारच गेल्यावर खोली विकणं ही मर्जी कशी? मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 1991 च्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची. गिरणीत मोकळी जागा असते केवढी? शेड, गोदाम, चिमणी यांखालची सगळी जमीन मालकाला. हायकोर्टाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये तो फिरवला. फिनिक्स गिरणीच्या जागेवरचा मॉल बघून 'प्रगती' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी वाचावा.

सुलभा
चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं निरीक्षण. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासला जायला सोबत शोधावी लागायची ती आम्हाला. मला टॉवर हवाच होता.

नाना_शिवडी
सुलभाताई, संडास घरात हवा, मान्य. त्यासाठी शेजारी पन्नास मजली टॉवर कशाला लागतो?

परळकर
कारण फुकट घराचा खर्च त्याच्या विक्रीतून निघतो, नाना! आणि 2001 चं पाप एकाच्याच माथी मारू नका. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, महापालिकेत सेना-भाजप. मराठीचा कैवार घेणारे तेव्हा काय करत होते?

उपनगरी
मी भाडेकरूचा मुलगा, आता अंबरनाथला. मेंटेनन्सचं बोला ना कोणीतरी. पागडीच्या खोलीचं भाडं चहापाण्याइतकं. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन यांचं बिल दर महिन्याला येतं, आणि वडिलांची पेन्शन तेवढीच. आमच्या ओळखीतल्या दोघांनी नव्या इमारतीतलं घर याच कारणाने भाड्याने दिलं आणि स्वतः विरारला गेले. कागदावर ते अजून परळचेच.

सुलभा
मग मेंटेनन्सवर भांडा, सवलत मागा. पुनर्विकासच नको म्हणणारे बहुतेक आधीच ठाण्याला ब्लॉक घेऊन बसलेत. नाना, तुम्ही अजून चाळीत राहता का?

नाना_शिवडी
राहतो. दुसरा मजला. छताला टेकू लावलाय, आणि बिल्डरच्या करारावर सही अजून केलेली नाही. कॉर्पस फंड, म्हणजे पुढच्या मेंटेनन्ससाठी बिल्डरने द्यायची ठेव, किती ते लेखी द्या म्हटलं, तर माणूस परत फिरकलाच नाही.