जलकुंभीत किडे लय, म्हणून काय राहू द्यायची?

तलावकाठचा: सकाळी इथं एका दादानं टाकलं की अमेरिकेत जपानी समुद्रगवत परकं असूनही किडे-शंखांनी भरलेलं असते, तवा आपल्या मालगुजारी तलावातल्या जलकुंभीले उगाच शिव्या देऊ नका. डोकंच फिरलं. अहो ते गवत वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर कालवांच्या बियाण्यासंगं गेलं आन् ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात पसरलं. मोकळ्या चिखलापेक्षा गवतात किडे जास्त राहणारच ना! ताडून पाहायचं तर खालच्या अंगाच्या तिथल्या देशी, रुंद पानाच्या गवताशी पाहा. आन् जलकुंभी तरंगते, ऊन अडवते, खालची हायड्रिला, पाण्याखाली वाढणारं आपलं देशी पाणगवत, मरते. दोघीची बरोबरी कशी?

पोस्टवाला: काढू नका म्हटलंच नाही मी, आधी पाहा म्हटलं. झुपका उचलून घमेल्यात झटका, गोगलगायी, चतुराच्या अळ्या, बारके झिंगे, सगळं पडते. पानामुळावर शेवाळ धरलं की झालं, किड्याले काय देशी-परदेशी समजते?

तलावकाठचा: काठचा झुपका उचलला असंल तुम्ही. मधात जा, गादीखाली. पहाटे मासे तोंड वर काढून हापत राहतात तिथं.

झिंगेवाली: जलकुंभीवर भांडून राहिले, गवत्यावर, त्या गवत खाणाऱ्या ग्रास कार्प माशावर, कोणी बोलत नाही! आमच्या मच्छीमार सोसायटीनं गवत्याचं बीज टाकलं, दोन वर्षात हायड्रिला साफ. माझी माय त्यातून हातजाळीनं टोपलंभर झिंगे आणे, आता बाजारातून सुके आणते.

सोसायटीवाला: तलावाच्या ठेक्याचे पैसे तू भरशील का बाई? आन् गवत्या १९५९ पासून देशात हाय, आजचा नाही. तुह्या भावाच्या लग्नात त्याचाच रस्सा दोनदा घेतला तू.

झिंगेवाली: रोहू होता तो! आन् तुम्हाले पैशाबिगर काही दिसत नाही.

सोसायटीवाला: मीच तोलून देल्ला होता. गवत्या.

पोस्टवाला: मुद्द्यावर या राज्या हो. जिच्यासाठी रडून राहिले ते हायड्रिला फ्लोरिडात जाऊन तिथली जलकुंभी झाली हाय, तेवढं ध्यानात ठेवा.

तलावकाठचा: हाव, मोठे विद्वान. बरं, काठच्या झुपक्यात किडे असतात, मानलं. मधात जायले डोंगा देतो रविवारी, घमेलं तुमचं.

पोस्टवाला: येतो. पोहता येत नाही मले, सांगून ठेवतो.

झिंगेवाली: मायले विचारलं. रोहूच होता.