बाळाच्या कॉटसाठी नैसर्गिक गादी घ्यायची आहे. नेमके काय पाहावे?

पहिलटकरीण:
आमच्याकडे दोन महिन्यांत बाळ येणार आहे. खोलीचा रंग, कपाट, दिवा हे सगळे पटापट ठरले. घोडे अडले आहे ते अंथरुणावर. नवजात बाळ दिवसातले सोळा-सोळा तास झोपते, तेव्हा त्याच्या अंगाखाली फोम आणि पॉलिएस्टर नको, एवढे आम्ही दोघांनी ठरवले आहे. नैसर्गिक म्हणून आतापर्यंत शेवरीच्या कापसाची जाडजूड मऊ गादी, तशीच लहानशी उशी, लोकरीचे पांघरूण आणि कॉटच्या कठड्याला आतून बांधायचे सुती लोड एवढे निवडून ठेवले आहे. गादीवर हात ठेवला की तो अलगद आत जातो, आणि तिथेच आम्ही भुललो. मात्र लेबलांवरची निरनिराळी प्रमाणपत्रे पाहून गोंधळ उडाला आहे. त्यांतले कोणते खरोखर महत्त्वाचे मानावे?

कापूसकोंडा:
प्रमाणपत्रांकडे नंतर वळू. तुमच्या यादीतल्या चारही वस्तू बाळाच्या कॉटमधून वगळाव्यात असे मला सांगावे लागत आहे, याचे वाईट वाटते. 'नैसर्गिक' आणि 'सुरक्षित' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि त्यांतला सुरक्षिततेचा आधी सोडवायचा असतो. हात अलगद आत जातो, हा त्या गादीचा तुम्हाला भावलेला गुणच तान्ह्या बाळासाठी तिचा सर्वांत मोठा दोष आहे. बाळ पालथे झाले किंवा त्याने मान वळवली आणि नाक अशा मऊ खळग्यात रुतले, तर उच्छ्वासातली हवा तिथेच साठते व तीच पुन्हा आत घेतली जाते. प्राणवायू कमी पडू लागला तरी डोके उचलून बाजूला करण्याइतके बळ काही महिन्यांच्या बाळाच्या मानेत नसते. कापूस शेतातला आहे की कारखान्यातला, याने इथे काहीही फरक पडत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला, पुढे उताणे निजवण्याची मोठी मोहीम झाली, आणि त्या दशकात तिथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. याच संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार बाळ घट्ट, सपाट आणि उतार नसलेल्या गादीवर झोपावे, गादीवर ताणून बसवलेली एकच चादर असावी, आणि उशी, रजई, लोड, मऊ खेळणी यांपैकी काहीही कॉटमध्ये नसावे. कठड्याच्या लोडांवर तर अमेरिकेत त्याच वर्षी कायद्याने बंदी आली. गादी आणि कॉटची कड यांच्यामध्ये दोन बोटे आरामात जात असतील, तर ती गादी त्या कॉटची नव्हे.

सूतपुतळी:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत. घट्टपणाची अट पूर्ण करणाऱ्या गाद्या नैसर्गिक धाग्यांतही मिळतात. काथ्या आणि लेटेक्स यांचे थर एकत्र करून केलेली गादी त्यांपैकी एक. घरात कुणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

आता लेबलांविषयी. जी.ओ.टी.एस. हे प्रमाणपत्र सेंद्रिय कापडासाठी आहे. त्यात 'सेंद्रिय' म्हणवण्यासाठी किमान ९५ टक्के आणि 'सेंद्रिय धाग्यांपासून बनवलेले' म्हणवण्यासाठी किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो, शिवाय रंग आणि प्रक्रियेतील रसायनांवरही बंधने असतात. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० मालाच्या सेंद्रियतेबद्दल काहीच सांगत नाही. त्यात मालामधील घातक द्रव्ये तपासली जातात, आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्याचा सर्वांत कडक असा पहिला वर्ग असतो. माझ्या मते लेबलवर तो वर्ग शोधणे सर्वांत उपयोगाचे आहे. याउलट 'बांबूचे मुलायम कापड' या शब्दांना फारसे महत्त्व देऊ नये, कारण ते बहुधा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेले व्हिस्कोस असते. यांपैकी एकही प्रमाणपत्र गादी पुरेशी घट्ट असल्याची हमी देत नाही.

दुपटेवाली:
एक अनुभव सांगते. आम्ही पहिल्या मुलासाठी शंभर टक्के कापसाची गादी घेतली होती, आणि नवी असताना ती चांगली घट्ट होती. दीड-दोन महिन्यांनी चादर बदलताना सहज लाकडी फूटपट्टी तिच्यावर आडवी ठेवली, तर डोके टेकते तिथे पट्टीखालून माझे बोट सहज गेले. गादी उलटली तेव्हा खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपकेही दिसले, कारण 'प्लास्टिक अजिबात नको' या हट्टापायी आम्ही वॉटरप्रूफ कव्हर घातलेच नव्हते. दुसऱ्या वेळी काथ्याची गादी, तिच्यावर पातळ वॉटरप्रूफ कव्हर आणि त्यावर सुती चादर एवढेच ठेवले. त्या कव्हरात कृत्रिम थर असतो हे मला मान्य आहे. पण ओल आत मुरण्यापेक्षा तो मला परवडतो. चादरी वापरण्याआधी एकदा धुऊन घ्याव्यात आणि धुतल्यावर आटून गादीच्या कोपऱ्यांवरून निसटत नाहीत ना, हे ओढून पाहावे.

पहिलटकरीण:
आपल्या सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका राहिली: पांघरूण नको, तर थंडीत बाळाला ऊब कशी द्यावी?

कापूसकोंडा:
अंगात घालायची झोपेची पिशवी वापरावी. तिचा गळा आणि बाह्या बाळाच्या मापाच्या असाव्यात, म्हणजे बाळ आत घसरणार नाही. त्याच खोलीत आपल्याला जेवढे कपडे पुरेसे वाटतात, त्यापेक्षा बाळाला फार तर एक थर जास्त पुरतो. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेच्या मागे हात लावून पाहावा, आणि तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा. वजन भरलेल्या पिशव्या मात्र टाळाव्यात, आणि बाळ कुशीवर वळू पाहू लागले की दुपट्यात घट्ट गुंडाळणेही थांबवावे.

पहिलटकरीण:
लोड आणि गादी आज परत केली. उशी आणि लोकरीचे पांघरूण आमच्या पलंगावर गेले आहे, आणि फूटपट्टी कॉटशेजारच्या खणात ठेवली आहे.