स्वेन बियांकी: लबाड की नुसताच रंगेल?

रातकिडा
गेल्या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळलो होतो, म्हणून 'क्वेश्चनेबल कंटेंट' पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे अमेरिकन वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर येणारं कॉमिक, ऑगस्ट २००३ पासून चालू आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक स्ट्रिप, आकडा कधीच ५००० च्या पुढे गेलाय. गाव मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्दॅम्प्टन. तिथे 'कॉफी ऑफ डूम' नावाचं कॉफीचं दुकान, जिथे कॉफीबरोबर गिऱ्हाइकाचा पाणउतारा फुकट. मालकीण डोरा. तिच्याकडे कामाला असलेली, फटकळ तोंडाची फे. आणि टोस्टरपायी फेचं घर जळाल्यावर ज्याच्याकडे ती राहायला आली तो मार्टेन.

धागा काढलाय तो डोराच्या मोठ्या भावासाठी. स्वेन. देखणा गडी. कंट्री गाणी लिहून बक्कळ कमावतो. बायकांच्या बाबतीत आज ही, उद्या ती. तर या स्वेनचं आणि फेचं जमलं. जमलं म्हणजे अंथरुणापुरतं, याला नातं म्हणायचं नाही हे दोघांच्या मते ठरलेलं. मग स्वेन दुसऱ्या एकीबरोबर झोपला आणि फेने प्रकरण तिथेच संपवलं.

तेव्हापासून वाचकांच्या लेखी स्वेन म्हणजे हरामखोर. मला हे पटत नाही. त्याने नेमकं मोडलं काय? शब्द दिलाच नव्हता. आपण कसे आहोत हे त्याने कुणापासून लपवलं नाही. 'घरच्यांशी बोलतो' म्हणत चार चार वर्षं मुलीला झुलवत ठेवणारे आणि शेवटी आईने शोधलेल्या स्थळाला होकार देणारे सभ्य मुलगे मी पाहिलेत. त्यांच्यापेक्षा स्वेन शंभर पटींनी सरळ.

खारीबटर
सहमत. फे काही दूधखुळी नव्हती. विस्तवात हात घातला, पोळला.

उंबरठा
रातकिडा, 'शब्द दिला नव्हता' हा कोर्टातला मुद्दा झाला. फेच्या वडिलांनी तिच्या डोळ्यांसमोर जीव दिला होता, हे तुम्ही धाग्यात कसं काय गाळलंत? ती कुणाला जवळ येऊ देत नाही याचं सगळं कारण तिथे आहे. मार्टेन एवढा जीव लावत होता, त्यालाही तिने हेच सांगून थांबवलं. 'नातं नको' हे ती भीतीपोटी म्हणते, आणि स्वेन म्हणतो कारण ते त्याच्या सोयीचं आहे. दोघांनी एकाच कागदावर सही केली, पण कागद दोघांनी वेगवेगळा वाचला होता.

रातकिडा
@उंबरठा, वडिलांचं गाळलं हे खरं, चूक माझी. पण मग पुरुषाने करायचं काय? समोरची सज्ञान बाई स्वच्छ शब्दांत 'नातं नको' म्हणते आणि याने 'हिला आतून हवंय' असं समजायचं? ही सवय तर आपण पुरुषांना सोडायला सांगतोय ना? 'नाही'चा अर्थ 'नाही' हे एका ठिकाणी खरं आणि दुसऱ्या ठिकाणी खोटं, असं कसं चालेल?

खारीबटर
टाळ्या.

चकलीचा तुकडा
अवांतर, पण बरेच दिवस डोक्यात आहे. स्वेनला मराठीत म्हणायचं काय? माझी आजी असल्या माणसाला 'बाहेरख्याली' म्हणायची. पण बाहेरख्याली व्हायला आधी घर लागतं. घरी कुंकू लावून बसलेली कुणीतरी लागते, म्हणजे मग बाकीचं सगळं 'बाहेर' होतं. स्वेनला घरच नाही. 'रंगेल' म्हटलं की फेटा आणि अत्तराचा फाया डोळ्यांसमोर येतो, त्यात थोडं कौतुकही आहे. 'लफडेबाज' त्यातल्या त्यात बरा, पण लफडं म्हणजे लपवलेलं. आणि हा लपवत नाही म्हणून तर हा धागा.

म्हणजे आपल्या भाषेत असल्या माणसासाठी जेवढे शब्द आहेत ते सगळे लग्नाभोवती फिरतात. म्हणूनच रातकिडा यांना वाटतंय की काही मोडलंच नाही. त्याच्यावर ठेवायला आरोपच सापडत नाहीये.

सातबारा
@चकली, 'छचोर' चालेल का?

चकलीचा तुकडा
छचोर हा पोरगेला वाटतो. बसस्टॉपवरचा. स्वेन महाग बूट घालणारा आहे.

सातबारा
बरं. मूळ मुद्द्यावर: टायचं काय? मार्टेन ज्या कॉलेजच्या लायब्ररीत काम करायचा तिथली त्याची बॉस. तिच्याही एकाच वेळी अनेक जणी होत्या. तिच्यावर कुणी वाचक चिडल्याचं मला तरी आठवत नाही. उलट सगळ्यांची लाडकी. पुढे तर डोराशीच तिचं जमलं. बाईने केलं की मोकळेपणा, पुरुषाने केलं की चारित्र्य?

उंबरठा
टायच्या भोवतालच्या सगळ्यांना आपण कशात आहोत ते माहीत होतं आणि त्यांना ते हवं होतं. शिवाय टाय आपल्या बहिणीच्या मैत्रिणींवर नजर ठेवून नव्हती. फे कोण होती? स्वेनच्या बहिणीच्या दुकानात काम करणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. एवढ्या मोठ्या गावात त्याला हीच सापडली?

मेपलची मावशी
एवढं मोठं गाव? मी बॉस्टनजवळ राहते. नॉर्दॅम्प्टनला दोनतीनदा गेलेय, गाडीने साधारण दोन तास. तीस हजारांच्या आतली वस्ती, एक मुख्य रस्ता, त्यावर पुस्तकांची आणि कॉफीची दुकानं, रस्ता चढत जाऊन स्मिथ कॉलेजशी पोचतो. (कॉमिकमधलं 'स्मिफ' हे त्याचंच विडंबन, खरं कॉलेज मुलींचं आहे.) न्यूयॉर्कमध्ये माणूस आज एकीबरोबर, उद्या दुसरीबरोबर असेल आणि दोघींची जन्मात गाठ पडणार नाही. इथे सकाळी कॉफी घ्यायला गेलात की रात्रीची माणसं समोर. असल्या गावात 'आपल्या दोघांतलं' असं काही राहत नाही.

पाणपोई
मला या भांडणात कॉमिकची घडण विसरली जातेय असं वाटतं. रोज चारपाच चौकटी, आणि शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा एक विनोद हवाच. स्वेनच्या एकेका प्रकरणाचा रोज असाच विनोद होत गेला. सोमवारी वाचलं, हसलो, पान बंद. त्या बायका एका दिवसाच्या पाहुण्या, बऱ्याच जणींची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. म्हणजे त्यांच्याशी आपण वाचक जसे वागलो तसाच स्वेन वागत होता. मग एक दिवस त्याच्या यादीत फे आली, जिला आपण वर्षानुवर्षं रोज भेटत होतो, आणि आपण एकदम सात्त्विक संतापलो.

दुसरं, तिथला काळ भयंकर हळू चालतो. आपण वीस वर्षांनी म्हातारे झालो, ती मंडळी जेमतेम काही वर्षांनी मोठी झाली. एखादी जखम त्यांच्या आठवड्यात भरते तर आपल्याला ती महिनोन् महिने दिसत राहते. स्वेनवरचा राग थोडा त्यामुळेही मुरलाय.

रातकिडा
@पाणपोई, हे आवडलं. हाच तर माझा मुद्दा. ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

उंबरठा
हा तुमचा मुद्दा कधी होता? पहिली पोस्ट परत वाचा.

जाईची वेल
मी एरवी इथे नुसतीच वाचते. पण तुम्ही सगळे फे-स्वेन, फे-स्वेन करताय आणि डोराबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी डोरा आहे. म्हणजे मला असाच एक मोठा भाऊ आहे.

अकरावीत असताना माझी एक मैत्रीण रोज संध्याकाळी घरी यायची. फिजिक्सचं जर्नल एकत्र पूर्ण करायला. आई पोहे करायची. मैत्रीण ताटली मांडीवर घेऊन अशा कोपऱ्यात बसायची की आतल्या खोलीचं दार दिसावं. मला वाटायचं तिला पंख्याचा वारा हवाय. एकदा दादा गावाला गेला होता, तर ती निरोप न देता आलीच नाही, तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. पुढे त्यांचं काय झालं, किती झालं, मला कुणी सांगितलं नाही. दोनतीन महिन्यांनी ती यायची थांबली. वर्गात बाक बदलला. तिचं जर्नल आमच्याच घरी राहिलं होतं, खाकी कव्हरचं, सही व्हायची बाकी असलेलं. ते द्यायला गेले तर तिच्या आईने दारातूनच घेतलं आणि दार लावलं. माझ्या तोंडावर.

दादाला विचारलं तर म्हणाला, "मी तिला काही वचन दिलं होतं का?" रातकिडा यांची पहिली पोस्ट वाचली तेव्हा मला त्याचाच आवाज ऐकू आला.

त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक मुलीकडे मी बघायची, ही माझ्यासाठी आलीय की त्याच्यासाठी. अजून बघते. माझ्या नवऱ्याचा फोन वाजला की मान आपोआप वळते, बिचाऱ्याने आजवर काही केलेलं नाही. डोराचं आणि मार्टेनचं जमलं होतं, ते तिच्या संशयावरून मोडलं तेव्हा वाचकांनी तिलाच 'पझेसिव्ह' म्हणून झोडपलं. मी ती पानं वाचताना लॅपटॉप मिटून ठेवला होता.

खारीबटर
+१. वर टाळ्या वाजवल्या होत्या त्या परत घेतो.

सातबारा
लिहिलंय मनापासून, आदर आहे. तरी एक विचारतो, राग मानू नका. मैत्रीण तुमच्या घरी स्वतःच्या पायांनी येत होती. कोपरा तिने निवडला. सगळं दादावर कसं? आणि डोराच्या स्वभावाचं खापर भावावर फोडलं तर डोराला स्वतःचं असं काही उरतच नाही. मार्टेनवर संशय घेणं हा तिचा निर्णय होता.

जाईची वेल
सगळं दादावर असं मी म्हटलंच नाही. मैत्रिणीचं चुकलं असेल, सतरा वर्षांची होती. पण ती गेली, दादाचं काही गेलं नाही, आणि जर्नल घेऊन त्या दारात मी उभी होते. हिशेब तुम्हीच मांडा.

मेपलची मावशी
अगं जाई, धीराची आहेस.

रातकिडा
जाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'शब्द दिला नव्हता' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा वापरलंय ते मोजत बसलो होतो, आकडा सांगत नाही. तरीही स्वेनला हरामखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फे गेल्यावर तो बसतोच की तोंड पाडून. त्याला काहीच लागलं नाही असं कॉमिककाराने दाखवलेलं नाही.

उंबरठा
तोंड पाडून बसला म्हणजे फिटलं?

पाणपोई
फिटलं नाही, पण त्याचा विनोदही झाला नाही. त्या स्ट्रिपमध्ये मला तेवढं पुरलं.

चकलीचा तुकडा
@जाई, अगदीच खाजगी वाटलं तर उत्तर देऊ नका. दादा आता काय करतात?

जाईची वेल
लग्न झालंय, दोन मुली आहेत, सासुरवाडीला लाडका जावई. दर भाऊबीजेला येतो, ओवाळणीत हात आखडता घेत नाही. मागच्या दिवाळीत फराळ करताना मी सहज त्या मैत्रिणीचं नाव काढलं. चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाला, "कोण, ती चष्मेवाली?"

ती चष्मा लावत नव्हती.