मुंबईत राहून नाशिकची द्राक्षबाग सांभाळता येते का?

पूर्वा_मुलुंड:
नमस्कार मंडळी, इथे द्राक्षवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, पावणेतीन एकर बाग आहे, दोन एकर थॉमसन आणि बाकी शरद सीडलेस, दोन्ही खायच्या द्राक्षाच्या जाती. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, ताई पुण्याला आणि मी मुलुंडला, दोघींच्याही नोकऱ्या आहेत. नाना पंच्याहत्तरीला आलेत, गुडघे साथ देत नाहीत तरी सकाळी काठी टेकत बागेत एक चक्कर होतेच. मजुरांचं चहापाणी, हिशोब, औषध दुकानाची उधारी हे आई बघते. नाना म्हणतात बाग वाट्याने देऊ नाहीतर तोडून मका-सोयाबीन लावू, आता माझ्याच्यानं होत नाही. मला ती बाग तोडलेली बघवणार नाही, आमची शिक्षणं, लग्नं सगळं तिच्यावर झालंय.

प्रश्न असा की शनिवार-रविवार आम्ही जायचं, बाकी दिवस फोनवर बघायचं आणि एक भरवशाचा माणूस ठेवायचा, असं चालेल का? की एकाने नोकरी सोडून तिथे राहायलाच हवं? आणि खायची द्राक्षं काढून वाइनची लावली तर काम कमी होतं म्हणतात, ते कितपत खरं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निफाडचा_ठाणेकर:
ताई, स्पष्ट लिहितो, शनिवार-रविवारवर द्राक्ष होत नाही. माझा भाऊ निफाडला बाग बघतो, मी ठाण्यातून पैशांचं आणि कागदपत्रांचं बघतो, म्हणजे तुम्ही विचारताय तसंच थोडंफार, पण भाऊ तिथे आहे म्हणून ते चालतं.

थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे तो झोपतच नाही म्हणून छाटणी दोनदा, एप्रिलला खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे फळ धरणारी फांदी, तयार करायला आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी फळासाठी. मुंबईतल्या नातेवाइकांना वाटतं काम ऑक्टोबर ते मार्च, बाकी सुट्टी. पण ऑक्टोबरनंतर दिसणारा घड हा खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच काडीच्या डोळ्यात (कोंब फुटतो त्या जागी) बनत असतो आणि त्याला ऊन लागतं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला, ऊन मिळालंच नाही, ऑक्टोबरला आमच्या एका प्लॉटमध्ये काड्या जाडजूड आणि घड मात्र शोधावे लागत होते.

गोडी छाटणी झाली की पोंगा (कोंब फुटताना), दोडा (कळ्यांचा घड), फुलोरा या टप्प्यांत पाऊस आला किंवा पहाटे दाट दव पडलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. पान रात्रभर ओलं राहिलं की पुरे, तेलकट डाग डोळ्याला दिसेपर्यंत ती घडात शिरलेली असते आणि मग तो घड वाचत नाही. पाऊस थांबला की लगेच फवारणी पाहिजे आणि नेमका तेव्हाच चिखलात ट्रॅक्टर घुसत नाही, मग पाठीवरचा पंप घ्यायचा का पाइप ओढायचा, कुठलं औषध, आधीचं किती दिवसांपूर्वी मारलं, हे सगळं तासा-दोन तासांत ठरवायचं असतं. बुधवारी रात्री पाऊस झाला आणि तुम्ही शनिवारी पोचलात तर करणार काय? व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो येतो हो, पण पान उलटं करून खालच्या बाजूचा फोटो काढायचं समोरच्याच्या डोक्यात यायला हवं. पगारी माणूस कितीही चांगला असला तरी ते घरच्याच्याच डोक्यात येतं असा माझा अनुभव.

कांदिवली_ते_सुकेणे:
ठाणेकर दादांचं डाऊनीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण म्हणून लगेच नोकरी सोडायचा विचार करू नका. आम्ही कांदिवलीचं घर भाड्याने देऊन इकडे राहायला आलो, मला इथे आवडतं, मुलंही रुळली, पण इथे राहणं म्हणजे काय ते सांगते. शेतीपंपाची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं आणि आमच्या भागात बिबट्या आहे, शेजारी ऊस असेल तर जास्तच धास्ती. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी चार-पाचपर्यंत उतरतो, मग पहाटे ड्रिपने पाणी सोडायचं, बांधाला शेकोट्या करायच्या, नाहीतर मणी तडकतात. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, ते एकसारखे फुटावेत म्हणून, औषधाची पेस्ट लावायची तर मजुरांच्या हातात मोजे आहेत ना ते बघायचं, आणि पेस्ट लावणाऱ्याने त्या दिवसांत दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे दरवर्षी प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.

विरळणीला (घडातले जास्तीचे मणी काढायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, बागेतच राहतात. त्यांची लहान मुलं, कोणाला ताप आला तर दवाखाना, बाजाराच्या दिवशी पगार, आगाऊ दिलेली उचल कोणाची किती वळती झाली याची वही, निम्मी बाग म्हणजे हेच आहे. पूर्वा, तुझ्या पोस्टमध्ये नानांबद्दल चार ओळी आहेत आणि आईबद्दल एक, पण ही निम्मी बाग आई चालवतेय. वाट्याने दिली तरी ही कामं तिच्याच दारात येणार. तिला विचारलंस का तिला काय हवंय? मी हे मनापासून विचारतेय, माझ्या सासूबाईंना आमच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

आणि नाना आहेत तोवर सातबाऱ्याचा विषय दोघी बहिणींनी मिळून काढा. कायद्याने मुलींचा हक्क आहेच, पण कर्ज, पीकविमा सगळीकडे नाव लागतं, नंतर वारसनोंदीला वेळ जातो.

वाशीतला_फळवाला:
मी मार्केटच्या बाजूने लिहितो. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आंबा अढीत घालतो तसं याचं काही होत नाही, वेलीवर साखर भरली तेवढीच. म्हणून मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, थांबायला धीर लागतो. त्यात फेब्रुवारीत एखादा अवकाळी झाला तर मण्यांना तडे, त्या भीतीने लोक आंबट माल तोडून पाठवतात आणि गिऱ्हाईक एकदा आंबट खाल्लं की महिनाभर द्राक्षाच्या वाटेला जात नाही, हे मी गाळ्यावर बसून दरवर्षी बघतो आणि वाईट वाटतं, कारण त्याच बागेचा दहा दिवस थांबलेला माल साखरेसारखा लागला असता.

दुसरं, बागेवर येणारा व्यापारी. पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो, पुढे उधारी वाढत जाते आणि शेवटी फोन लागत नाही. नाशिक जिल्ह्यात अशा तक्रारी दर सीझनला होतात. पैसे खात्यात आल्याशिवाय पुढची गाडी भरू द्यायची नाही आणि काट्यावर घरचं माणूस उभं पाहिजे. माल तोडायचे दिवस थोडे असतात, तेवढी सुट्टी तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी काढली तरी खूप फरक पडेल. एक्स्पोर्टला भाव मिळतो पण शिस्त लागते, २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले होते, तेव्हापासून कुठलं औषध कधी मारलं याची नोंद नसेल तर कोणी दारात उभं करत नाही. फवारणीची ही नोंद मात्र मुलुंडवरून नक्की ठेवता येईल. तुमच्याच तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, शेतकऱ्यांची कंपनी आहे, एकदा जाऊन बोला.

शिराझवाला:
आमच्याकडे शेनिन ब्लाँ आणि शिराझ आहे म्हणून वाइनचं सांगतो. काम कमी हे अर्धंच खरं. वाइनला मणी बारीकच हवा असतो, त्यामुळे जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग नाही, विरळणीचे मजूर नाहीत. डाऊनी-भुरी हे बुरशीचे रोग मात्र चुकत नाहीत. एकरी माल खायच्या द्राक्षाच्या निम्मा धरा. आणि बियांचं बारीक द्राक्ष बाजारात कोणी घेत नाही, वायनरीने नाकारलं तर दुसरं दार नाही. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिककडे भराभर वायनऱ्या निघाल्या, लोकांनी हौसेने लागवडी केल्या आणि २००८-०९ च्या मंदीनंतर माल पडून राहिला, कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. भाव किती, साखर किती आल्यावर उचलणार, पैसे कधी, हे लेखी असल्याशिवाय एकही रोप लावू नका. शिवाय नव्या बागेचं पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं जातात, तोवर खर्च चालूच. नानांचा अनुभव हाताशी असताना आहे ती बाग सांभाळा असंच मी म्हणेन.

पूर्वा_मुलुंड:
सगळ्यांचे खूप आभार. सुकेणेच्या ताईंनी विचारलं म्हणून काल आईशी निवांत बोलले, नाना झोपल्यावर. तिचं सगळं ठरलेलं होतं. ती म्हणाली थॉमसनचा विहिरीकडचा एक एकर पंधरा वर्षांचा झालाय, पहिल्यासारखा माल निघत नाही, तो तोडा, त्यात मका करा, मला वाईट वाटणार नाही. बाकीची बाग ठेवा. टोळी आणि हिशोब मी बघते, मला फवारणीला आणि रात्रीच्या मोटरला माणूस द्या आणि त्याला नुसता पगार नको, मालात हिस्सा द्या म्हणजे तो पान उलटं करून बघेल. नानांना तिने सकाळी सांगितलं, ते काही बोलले नाहीत पण दुपारी चुलत काकांच्या मुलाला, जितूला, बोलावून घेतलं. तो स्वतःची एकरभर बाग करतो, आमच्या बांधालाच आहे.

मी ऑफिसमध्ये गोडी छाटणीपासून फुलोरा संपेपर्यंत घरून काम मागितलंय, अजून उत्तर नाही. माल तोडणीला हे सुट्टी काढतील. नोकरी सध्या कोणी सोडत नाही.

जितूला हिस्सा द्यायचा तर औषध-खताचा खर्च आधी वजा करून राहिलेल्यात द्यायचा की एकूण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या सगळ्या रकमेवर? आणि टोळी कधी सांगून ठेवावी?

कांदिवली_ते_सुकेणे:
खर्च वजा करून, आणि दोन्हीकडे सारखी वही ठेवा, दर आठवड्याला जुळवा, नाहीतर चुलत भावाशी सीझन संपताना बोलणं अवघड होतं. टोळी पोळ्याच्या आधी सांगून ठेव, दसऱ्यानंतर सगळ्यांच्या छाटण्या एकदम येतात आणि मग माणूस मिळत नाही. आईला म्हणावं उचल थोडी थोडी द्या, एकदम नको, पण ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.