मदत हवी आहे: डोंगरातल्या एल्क शिकारीसाठी हलकी, नेमकी रायफल

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षं कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहते. यंदा ऑक्टोबरच्या शेवटी, दुसऱ्या रायफल सीझनमध्ये एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, शिकारीला जायचं आहे आणि पहिल्यांदाच स्वतःची रायफल घ्यायची आहे. रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण मिळून दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकते. मॉन्टाना, वायोमिंगकडे राहणारे आणि दरवर्षी रानात जाणारे काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारते. बाकी कुठेही विचारलं की सहा फुटी माणसाच्या मापाने उत्तर मिळतं. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे.

आधी एक गोष्ट. ज्यांना शिकारच पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती तशीच राहावी असं मलाही मनापासून वाटतं. इथे परिस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, सीझन आणि नियम राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, टॅगच्या, म्हणजे शिकारीच्या परवान्याच्या, पैशातून खात्याचं काम चालतं, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर तेच मांस खायचं असा विचार आहे. चर्चा रायफलपुरती ठेवली तर उपकार होतील.

आता मागच्या वर्षाचं सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच आला.

हंटर एज्युकेशनचा कोर्स करून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर फ्लॅट टॉप्सच्या रानात गेले होते. विल्डरनेस असल्यामुळे आत गाडी नाही, काही नाही. सगळं पाठीवर. पाच दिवसांची सॅक ४२ पौंडांची झाली होती, आणि त्यावर सहकाऱ्याची उसनी रायफल: ३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची, दुर्बीण, पट्टा आणि गोळ्या धरून साडेदहा पौंड. कॉलेजात असताना मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेली आहे, ओझ्याची मला भीती नाही. पण सॅकचं ओझं कमरेवर बसतं, रायफलचं एका खांद्यावर लटकतं, आणि दहा हजार फुटांवर श्वास पुरत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे एक उभा चढ चढून धारेवर पोचलो तर समोरच्या उतारावर कळप चरत होता. रेंजफाइंडरवर २७० यार्ड. मी सॅकवर रायफल टेकवली, आडवी पडले, आणि दुर्बिणीतली फुली त्या माद्यांच्या अंगावरून खालीवर नाचत राहिली. छाती धडधडत होती, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) लांब असल्यामुळे डोळा दुर्बिणीच्या मागे नीट येत नव्हता, आणि नेमबाजीच्या रेंजवर त्या रायफलने खांद्याला दिलेले धक्के आठवून बोट आधीच आवळत होतं. मी चाप ओढला नाही. त्याची खंत नाही.

पण त्याच संध्याकाळी सहकाऱ्याने गोळी झाडली आणि ती एका मादीला अंगाच्या मागच्या भागात लागली. मादी पडली, उठली, झाडीत गेली. बर्फावर रक्ताचे थेंब शोधत आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो, रात्रभर झोप नाही, आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती सापडली तेव्हा अजून जिवंत होती. ते डोळे मी विसरलेले नाही. माझ्या हातून असं होऊ द्यायचं नसेल तर मला पेलेल, माझ्या खांद्याला बसेल आणि जिथे धरीन तिथेच मारेल अशीच रायफल हवी.

तर मी केलेला हिशेब:

रायफल हलकी केली की धक्का वाढतो, हे साधं पदार्थविज्ञान आहे. तीच गोळी, तीच दारू, आणि वजन नऊ पौंडांवरून सहावर आणलं तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. ३०८ विंचेस्टर काडतुसाची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी धरून मी आकडे मांडले: नऊ पौंडांच्या रायफलीत १४ फूट-पौंड, सातमध्ये १८, सहामध्ये २१. ३०० मॅग्नम सात पौंडांत ३३ च्या वर जातं. म्हणजे मॅग्नम नको, एवढं माझं मी ठरवलं.

एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम असा: गोळीचा व्यास किमान पॉइंट २४ इंच, वजन किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा. यात ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, ३०८, २७० ही काडतुसं सगळीच बसतात.

रायफलींमध्ये तीन पाहिल्या. किंबरची माउंटन अ‍ॅसेंट, ३०८ मध्ये नुसती ४ पौंड १३ औंस. हातात घेतली तेव्हा विश्वास बसला नाही, पण बजेटच्या बाहेर आहे आणि इतकी हलकी रायफल माझ्या हातात स्थिर राहील का ही शंका आहे. दुसरी फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स लाइट, साधारण साडेसहा पौंड. तिसरी रुगर अमेरिकन, सगळ्यात स्वस्त.

माझे प्रश्न: एकूण वजन कितीच्या खाली जाऊ नये? पातळ नळीची रायफल खरंच नेमकी असते का, की दोन-तीन गोळ्यांनंतर भरकटते? ६.५ क्रीडमूर एल्कला पुरेशी आहे का? आणि धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक लावावा का?

प्रतिसाद: बोझमनची वाट

ताई, चाप ओढला नाहीत हे उत्तम केलंत.

वजन नेहमी सगळं धरून मोजा: दुर्बीण, ती बसवायच्या रिंगा, पट्टा, भरलेलं मॅगझीन. माझं उत्तर सात ते आठ पौंड. सातच्या खाली गेलं की चढ सुखाचा होतो, पण धापा टाकत नेम धरताना रायफल तुमच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलते. जड वस्तू हलायला वेळ लागतो, हलकी लगेच हलते. मी साडेपाच पौंडांवाली दोन सीझन वापरली आणि विकली.

पातळ नळीबद्दल: नळी तापली की ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, पसरतो, हे खरं. पण रानात तुम्ही दहा गोळ्या झाडणार नाही. थंड नळीतून निघालेली पहिली गोळी कुठे जाते तेवढंच महत्त्वाचं. रेंजवर गेलात की पहिली गोळी झाडा, कागदावर तारीख लिहा, नळी पूर्ण थंड होऊ द्या, मग दुसरी. त्याच कागदावर दोन-तीन आठवड्यांत दहा गोळ्या जमवा. ती तुमची खरी रायफल. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप दाखवून दुकानदार काहीही विकतो.

दुसरं, कंपन्या एक एमओएची हमी देतात, म्हणजे गोळ्यांचा पुंजका १०० यार्डांवर साधारण एक इंचाचा, ३०० वर तीन. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग चौदा-पंधरा इंचांचा असतो. दीड एमओएची रायफलसुद्धा ३०० यार्डांवर साडेचार इंचांत राहते. राहिलेले दहा इंच तुमचे आहेत: श्वास, टेकण, खांदा. पैसे तिथे घाला.

प्रतिसाद: रानभेंडी

ब्रेक लावू नका, एवढंच कळकळीने सांगते. धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. रानात घाईत कानात काही घालायचं राहून जातं, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांची वाट लागते. माझ्या नवऱ्याच्या डाव्या कानात तीन वर्षं शिट्टी वाजते आहे.

दस्त्याचं बोललात ते मात्र सगळ्यात महत्त्वाचं. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर साध्या रायफलीत साडेतेरा-चौदा इंच असतं. तुमची-माझी उंची असेल तर, त्यावर जाड जाकीट चढवल्यावर, मान ताणावी लागते. डोळा चुकीच्या जागी आला की नेम चुकतो, धक्काही जास्त लागतो. टिक्काचीच टी-थ्री-एक्स कॉम्पॅक्ट बघा. दस्ता साडेबारा इंचांचा, हवा असेल तर तुकडा घालून लांब करता येतो, नळी वीस इंचांची. दुकानात जाताना ऑक्टोबरचं जाकीट आणि सॅकचे पट्टे घालून जा, जूनचा उकाडा असला तरी.

प्रतिसाद: सातारी_वायोमिंग

गोळीबद्दल. ६.५ क्रीडमूरने एल्क पडतो, मी पाडलाय, पण जवळून आणि आडवा उभा असताना. खांद्याच्या हाडात घुसायची वेळ आली तर मला जरा मोठी गोळी हाताशी असलेली बरी वाटते. तुमच्यासाठी ७ एमएम-०८, १४० ग्रेन. तुमच्याच पद्धतीने मांडा, सात पौंडांत धक्का १६ च्या आसपास येईल. फक्त लहान गावातल्या दुकानात ही काडतुसं मिळतीलच असं नाही, ३०८ मिळतात. म्हणून जी गोळी ठरवाल तिच्या पाच-सहा पेट्या उन्हाळ्यातच आणून ठेवा, आणि झिरो (दुर्बिणीची फुली आणि गोळी लागते ती जागा जुळवणं) त्याच गोळीने करा. पेटी बदलली की झिरो पुन्हा तपासा.

मांस मुलं खाणार असतील तर तांब्याच्या गोळ्यांचा विचार करा. शिशाची गोळी फुटली की बारीक कण मांसात दूरवर जातात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याची गोळी आदळल्यावर फुलायला वेग लागतो, वीस इंचांच्या नळीतून तो थोडा कमी मिळतो, त्यामुळे अंतर कमी ठेवा.

प्रतिसाद: नवखा_डेन्व्हर

थोडं अवांतर. मी एच-वन व्हिसावर आहे. मला रायफल घेता येईल का?

प्रतिसाद: सातारी_वायोमिंग

@नवखा_डेन्व्हर, नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याने बंदूक बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे. हे उसन्या बंदुकीलाही लागू होतं, मित्राची घेऊन रेंजवर जाणंसुद्धा. चूक झाली तर व्हिसावर गदा येते, म्हणून आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. @सातारी_वायोमिंग, मला ग्रीन कार्ड आहे, पण हे इथे लिहिलंत ते फार चांगलं झालं. हे न विचारता मित्राची रायफल हातात घेणारे मी पाहिले आहेत.

शनिवारी जाकीट, सॅक, हातमोजे घेऊन दुकानात गेले. लाइट आणि कॉम्पॅक्ट दोन्ही डोळे मिटून खांद्याला लावल्या आणि मग डोळे उघडले. लाइटमध्ये दुर्बिणीच्या कडेला काळी सावली, कॉम्पॅक्टमध्ये संपूर्ण गोल चित्र, पाचही वेळा. एवढ्यावरच निकाल लागला. कॉम्पॅक्ट, ७ एमएम-०८. चाप दोन ते चार पौंडांमध्ये लावता येतो, मी तीनवर ठेवून घेणार आहे, कारण हातमोजे घालून त्याहून हलका चाप मला धोक्याचा वाटतो.

दुर्बिणीसाठी मी २५ पट मोठं दाखवणारी एक धरून बसले होते, जवळपास दोन पौंडांची. बोझमनकरांचा हिशेब वाचल्यावर ती सोडली. साधी तीन-ते-नऊ पट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची ल्युपोल्ड कंपनीची घेते आहे, बारा औंसांची. सगळं धरून पावणेआठ पौंडांच्या आसपास येईल. उसन्या रायफलीपेक्षा पावणेतीन पौंड कमी. कोलोरॅडोत पैसे भरल्यावरही किमान तीन दिवस थांबावं लागतं, त्यामुळे रायफल पुढच्या आठवड्यात हातात येईल.

अंतराची मर्यादा २५० यार्ड ठरवली आहे, तीही टेकण मिळालं तर. मागच्या वर्षीच्या २७० वर यंदाही चाप ओढणार नाही.

आता एकच प्रश्न उरला. रेंजवर बेंचवर बसून सगळं नीट जमतं. चढून गेल्यावरचा श्वास आणि थरथर यांचा सराव तुम्ही कसा करता? मी विचार करते आहे की रेंजच्या पार्किंगमध्ये भरलेली सॅक घेऊन दहा मिनिटं जोरात चालायचं, मग आत येऊन सॅकवर टेकवून एकच गोळी झाडायची. आणि घरी रोज रात्री रिकाम्या रायफलने, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, वीस वेळा चाप ओढायचा. बसून नेम धरताना काठ्यांचा टेकू वापरता की ट्रेकिंगच्याच काठ्या बांधून घेता? हलक्यात काम होत असेल तर कृपया कशा बांधता ते लिहा.

प्रतिसाद: रानभेंडी

ट्रेकिंगच्याच काठ्या. दोन्हींच्या मुठीखालचे पट्टे एकमेकांत अडकवा, खालची टोकं फाकवा, रायफल त्या फटीत ठेवा आणि डावा हात फटीच्या खाली काठ्यांवर घट्ट धरा. कोपर गुडघ्यावर टेकवू नका, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या मांसल भागावर टेकवा, हाडावर हाड घसरतं. फोटो उद्या टाकते.