७०२ मधले पाहुणे आणि ७,५०० चा घोळ

सोसायटी ग्रुप: फक्त कामाचे मेसेज

देशपांडे काकू, सी-७०१: सेक्रेटरी साहेब, काल रात्री पावणेदोनला पुन्हा आमची बेल. पुन्हा तेच, "७०२ यही है क्या?" चौघं जण, बॅगा, एक गिटार. गेल्या खेपेला मी गप्प बसले, या वेळी बसणार नाही. जिन्याच्या ग्रीलला ती आकडे फिरवायची किल्लीपेटी लटकवलीय, ती आजच्या आज निघाली पाहिजे. आणि मला एवढंच कळू दे, हा लॉज चाललाय त्याचा कर कोण भरतं?

मेहेंदळे, सी-७०२: काकू, बेलबद्दल मनापासून सॉरी 🙏 पाहुण्यांना मजल्याचा फोटोसुद्धा पाठवला होता. पण लॉज म्हणू नका, होमस्टे आहे. कराचं म्हणाल तर बुकिंगचं ॲपच परस्पर भरतं. माझा त्यात संबंधच येत नाही.

साठे काका, ए-१०१: ७,५०० पर्यंत जीएसटी नाही. मागच्या सभेत ऑडिटरनीच सांगितलंय. विषय संपला.

राजेश, बी-५०२: काका, विषय आत्ताशी सुरू होतोय. चहा टाकलाय मी.

देशपांडे काकू, सी-७०१: राजेश, तुला मजा वाटते. तुझ्या बेलवर कोणी बोट ठेवत नाही.

राजेश, बी-५०२: काकू, माझी बेल २ महिने बंद आहे. इलेक्ट्रिशियन "येतो" म्हणालाय.

अनुजा (सीए), डी-१०४: साठे काका, तो ७,५०० वेगळा हो. तो आपल्या मेंटेनन्सचा. दर सभासदामागे महिन्याला ७,५०० च्या वर गेलो आणि सोसायटीची वर्षाची उलाढालही २० लाखांच्या वर असली, तर मेंटेनन्सवर १८% जीएसटी. खोलीचा ७,५०० हा एका दिवसाच्या भाड्याचा. तिथे ७,५०० पर्यंत ५% आणि त्याच्या वर १८%. त्यातल्या ५ चे २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होते. हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी माफी होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली.

साठे काका, ए-१०१: म्हणजे ७,५०० पर्यंत नाही. मी तेच म्हणतोय.

अनुजा (सीए), डी-१०४: काका 🙏

कर्णिक आजोबा, ए-३०३: आम्ही महाबळेश्वरला हॉटेल चालवायचो तेव्हा राज्याचा लक्झरी टॅक्स असायचा. १९८७ चा कायदा. रजिस्टर घेऊन साहेब दारात उभा. तो कोणाला भरतात आता?

अनुजा (सीए), डी-१०४: आजोबा, तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरघळला. आता ५% असेल तर अडीच केंद्राला, अडीच राज्याला.

देशपांडे काकू, सी-७०१: आणि सोसायटीला?

अनुजा (सीए), डी-१०४: सोसायटीला छदाम नाही.

देशपांडे काकू, सी-७०१: वा! बेल आमची वाजणार आणि अडीच-अडीच टक्के वर जाणार.

मेहेंदळे, सी-७०२: म्हणजे मी म्हणालो तेच ना अनुजा? ॲप भरतं.

अनुजा (सीए), डी-१०४: अर्धं बरोबर. जीएसटी कायद्याच्या ९(५) कलमाखाली ॲप भरतं, पण तुम्ही नोंदणीच्या मर्यादेच्या आत असलात तरच. ती वर्षाला २० लाख. ओलांडलीत की नोंदणी तुमची, पाहुण्याकडून घेणं तुमचं, भरणंही तुमचं. आणि हे २० लाख एकट्या ७०२ चे धरायचे नाहीत. एका पॅनवरची सगळी उलाढाल त्यात येते. दुकानाचं भाडं येतं. राहायला दिलेल्या फ्लॅटच्या भाड्यावर कर नसला तरी मर्यादा मोजताना तेही येतं.

राजेश, बी-५०२: मग मोजूया की. ७०२ चे एका रात्रीचे ५,०००, महिन्याला २० रात्री धरल्या तर १ लाख, वर्षाचे १२. मेडिकलवाल्याला दिलेला गाळा महिना ४०,००० म्हणजे ४.८. झाले १६.८. आता तो लोणावळ्याचा बंगला...

मेहेंदळे, सी-७०२: राजेश, माझ्या मिळकतीचा हिशोब ग्रुपवर मांडायचं तुला काही कारण? ५,००० हा शनिवारचा भाव आहे. मंगळवारी २,२०० ला पण कोणी फिरकत नाही. चादरी, सफाईवाली, ॲपचं कमिशन, ते कोण मोजणार?

अनुजा (सीए), डी-१०४: उलाढालीत खर्च वजा होत नाही, एवढंच सांगते. आकडे तुमच्या सीएला दाखवा, इथे नकोत.

साठे काका, ए-१०१: २,२०० म्हणजे ७,५०० च्या आत. जीएसटी नाही.

नितीन, बी-३०१ (ऑरलँडो): इथे रात्र झालीय, पण राहवलं नाही. आमच्या फ्लोरिडात हे सगळं फार सुटसुटीत आहे. ६ महिने किंवा कमी मुदतीचं भाडं म्हणजे राज्याचा सेल्स टॅक्स ६%. ऑरेंज काउंटीचा त्यावर अर्धा टक्का. शिवाय काउंटीचा टुरिस्ट डेव्हलपमेंट टॅक्स ६%. एकूण १२.५. शेजारच्या ऑसिओला काउंटीत, डिस्नेच्या पलीकडे, १३.५. राज्याचा भरणा महसूल खात्याकडे, टुरिस्ट टॅक्स काउंटीच्या कंट्रोलरकडे. ॲपने एक भरला म्हणून दुसरा भरला असं धरून चालायचं नाही. आणि स्वतः घेतलेलं बुकिंग असेल तर दोन्हीकडे आपण. माझ्या शेजाऱ्याने...

खजिनदार पवार, डी-६०२: नितीन, छान माहिती. बी-३०१ ची ३ तिमाहींची थकबाकी आहे. तिचा भरणा आमच्याकडे.

राजेश, बी-५०२: 😂😂

नितीन, बी-३०१ (ऑरलँडो): पवार साहेब, हे पर्सनलवर बोलता आलं असतं.

खजिनदार पवार, डी-६०२: पर्सनलवर ४ वेळा बोललोय. निळ्या टिका आहेत.

सेक्रेटरी जगताप: कृपया विषयाला धरून बोला. सभासदांना विनंती, भांडण नको. कमिटीच्या मनात आहे की ७०२ ला दर पाहुण्यामागे ५०० रुपये सोसायटी फी लावावी.

मेहेंदळे, सी-७०२: कोणत्या नियमाने?

अनुजा (सीए), डी-१०४: जगताप काका, हे टिकणार नाही. स्वतः न राहता दुसऱ्याला दिलं तर बिनभोगवटा शुल्क लावता येतं, पण ते सेवा शुल्काच्या १०% हून जास्त नाही. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी निर्णय आहे. आपल्या बिलात सेवा शुल्क २,२००. म्हणजे महिन्याला २२० रुपये.

देशपांडे काकू, सी-७०१: २२० रुपये? महिन्याला? एवढ्यात लिफ्ट, वॉचमन, टँकरचं पाणी, आणि माझी झोप? लिफ्टच्या स्टीलवर ट्रॉली बॅगेचा हा लांब ओरखडा आहे, नखाने चाचपून बघा.

मेहेंदळे, सी-७०२: तो ओरखडा डी विंगच्या कपाटाचा आहे. दिवाळीच्या आधीचा.

खजिनदार पवार, डी-६०२: डी विंगचं कपाट सी विंगच्या लिफ्टमध्ये कशाला येईल?

मेहेंदळे, सी-७०२: डी ची लिफ्ट बंद होती म्हणून. जगताप साहेबांनीच परवानगी दिली होती.

सेक्रेटरी जगताप: तो विषय वेगळा.

कर्णिक आजोबा, ए-३०३: परदेशी पाहुणे ठेवता का हो मेहेंदळे? मग २४ तासांत त्यांच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. आमच्या वेळी तो फॉर्म सी, हाताने भरायचो.

मेहेंदळे, सी-७०२: भरतो आजोबा. ऑनलाइन असतो.

अनुजा (सीए), डी-१०४: खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मालमत्ता कर. आपली पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४०% सवलत देते, पीटी-३ अर्जावर. ७०२ च्या बिलात ती अजून लागतेय का? पाहुण्याचा जीएसटी ॲपने भरला म्हणून महापालिकेचा हिशोब मिटत नाही.

देशपांडे काकू, सी-७०१: आता बोला मेहेंदळे!

देशपांडे काकू, सी-७०१: मेहेंदळे, वाचलंत ना?

मेहेंदळे, सी-७०२: वाचलं काकू. लागतेय. मी याच आठवड्यात महापालिकेत जाऊन काढून घेतो, पावती इथे टाकतो. आणि ही सवलत फक्त होमस्टेची जात नाही ना अनुजा? ११ महिन्यांच्या करारावर दिला तरी जाते ना?

अनुजा (सीए), डी-१०४: हो. भाड्याने दिला की गेली.

मेहेंदळे, सी-७०२: मग ए-२०४ मध्ये आयटीतली ३ मुलं ५ वर्षं राहतात, त्या बिलात काय आहे? मालक कोण ते मी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

राजेश, बी-५०२: चहा उतू गेला.

देशपांडे काकू, सी-७०१: ए-२०४ ची मुलं सोन्यासारखी आहेत. रात्री कोणाची बेल वाजवत नाहीत. आणि ती कागदपत्रं ह्यांच्याकडे असतात, मला त्यातलं काही विचारू नका.

खजिनदार पवार, डी-६०२: माझ्या यादीत भाड्याने दिलेले १४ फ्लॅट आहेत. त्यातले ९ जण बिनभोगवटा शुल्क भरतात. उरलेले ५ सांगतात, "नातेवाईक राहतात".

राजेश, बी-५०२: बी-४०१ मध्ये दर ११ महिन्यांनी नातेवाईक बदलतात.

सेक्रेटरी जगताप: सर्वांना कळविण्यात येते की, ज्यांचे फ्लॅट कोणत्याही मुदतीसाठी दुसऱ्याकडे आहेत त्यांनी नोंदणीकृत कराराची प्रत, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती आणि मालमत्ता कराचं चालू बिल रविवारपर्यंत ऑफिसात द्यावं. रोजच्या बुकिंगवाल्यांनी पाहुण्यांची नावं वॉचमनच्या वहीत लिहावीत. किल्लीपेटी ग्रीलवरून काढून ७०२ च्या स्वतःच्या दाराला लावावी.

मेहेंदळे, सी-७०२: लावतो. कोडही बदलतो, १२३४ होता.

राजेश, बी-५०२: होता म्हणजे? सगळ्या बिल्डिंगला माहीत होता.

देशपांडे काकू, सी-७०१: जगताप साहेब, बिल यंदाचंच द्यायचं का मागच्या वर्षीचंही?

अनुजा (सीए), डी-१०४: यंदाचं पुरेल काकू. ए-२०४ चं बघायला हवं असेल तर संध्याकाळी या, चहा माझ्याकडे.

साठे काका, ए-१०१: मालमत्ता कर ७,५०० च्या आत असेल तर?